नवा कॉम्प्युटर हँग होतो तेव्हा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांत एक बोलणे सुरू होते : मोबाइलवर अभ्यास पुरे झाला, आता मुलांना कॉम्प्युटर घ्यायला हवा. कंपनीचा तयार कॉम्प्युटर परवडत नाही, म्हणून सुटे भाग आणून जोडायचे ठरते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. कोणी यवतमाळहून आणतो, कोणी अमरावती-नागपूरहून, कोणी ऑनलाइन मागवतो. जोडून देणारा मुलगा बहुधा मोहल्ल्यातच भेटतो. यात वाईट काही नाही. चार पैसे वाचतात आणि पुढे एखादा भाग बदलणे सोपे जाते.

पण अशा नव्या कॉम्प्युटरबद्दल एक तक्रार आम्ही शाळेत, मोहल्ल्यात, नातेवाइकांत वारंवार ऐकतो. कॉम्प्युटर सुरू होतो, छान चालतो आणि मध्येच थिजतो. माऊस हलत नाही, पडद्यावरचे घड्याळ थांबते, काही वाजत असेल तर तोच आवाज घर्र करत राहतो. बटण दाबून धरून बंद करावा लागतो. पुन्हा सुरू केला की जणू काही झालेच नव्हते. कधी दिवसातून तीनदा, कधी तीन दिवस काहीच नाही.

पूर्ण बंद पडलेले यंत्र परवडले, त्याचा दोष समोर तरी दिसतो. हा येणारा-जाणारा बिघाड दुकानदारासमोर नेमका होत नाही. आणि कारण दिसत नसले की माणसे जवळच्या माणसाला दोष देतात. या महिन्यात त्याविषयीच बोलू.

आधी ठपका, मग तपास

पुसदमध्ये आमच्या नात्यातल्या एका घरी गेल्या उन्हाळ्यात हेच घडले. वडिलांचे शिलाईचे छोटे दुकान, हिशेब आईकडे, मोठी मुलगी बी.एस्सी.ला. दोन वर्षे भिशीत पैसे टाकून त्यांनी कॉम्प्युटर जोडून घेतला. आठवडाभरात तो हँग होऊ लागला. दुकानदार म्हणाला, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारून देतो." मारला. मुलीच्या नोट्स आणि प्रोजेक्ट त्यात गेले. चौथ्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा थिजला.

मग घरात जो तो निदान करू लागला. चाचा म्हणाले, पोरं गेम टाकतात. दादीजान म्हणाल्या, ऊन फार आहे, माणूस थकतो तिथे यंत्राचे काय. आणि वडील म्हणाले, "ही रात्री उशिरापर्यंत काय बघते कुणास ठाऊक, त्यातूनच व्हायरस आला असेल." कॉम्प्युटर विकून टाकायची भाषा सुरू झाली. मुलगी काही बोलली नाही. तिने कॉम्प्युटरजवळ बसणेच सोडले.

बिघाड यंत्रात होता, पण शंका मुलीच्या वागण्यावर आली आणि त्या शंकेपायी तिच्या शिक्षणाचे साधन जाणार होते. सूरह अल्-हुजुरातमध्ये आपल्याला दोन गोष्टी जवळजवळ शिकवल्या आहेत : खबर आली तर आधी तिची तहकीक करा, आणि फार गुमान करू नका, कारण काही गुमान गुनाह असतात. या आयती आपण मोठ्या भांडणांसाठी राखून ठेवतो. पण घरातल्या छोट्या गोष्टींत त्यांची गरज रोज पडते. आम्ही त्या घरी एवढेच म्हणालो, "भाईजान, आठ दिवस कोणाला काही बोलू नका. एक वही घाला."

वही काय सांगते

वहीत पाच रकाने आखायचे. तारीख आणि वेळ. त्या वेळी कॉम्प्युटरवर काय चालू होते. समोर कोण बसले होते. लाइट आत्ताच आली-गेली होती का, कूलर किंवा पंप चालू झाला होता का. आणि यंत्र नेमके कसे थांबले. कॉम्प्युटर थिजला की आधी हे लिहायचे, मग बटण दाबायचे.

शेवटच्या रकान्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. थिजलेल्या अवस्थेत कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे. मग अडकलेला बहुधा एखादा प्रोग्राम, डिस्क किंवा पडदा दाखवणारा ग्राफिक्सचा भाग असतो. दिवा अजिबात बदलत नसेल तर यंत्र खोलवर अडकले आहे. तेव्हा रॅम, वीज, मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा एखाद्या ड्रायव्हरकडे पाहावे. निळा पडदा आला तर त्यावरच्या कोडचा फोटो घ्या. आपोआप बंद होऊन सुरू झाला तर तसे लिहा. थिजणे, बंद पडणे आणि नुसते हळू चालणे ही तीन वेगळी दुखणी आहेत. दुकानात आपण तिन्हींना "हँग होतो" म्हणतो आणि उपचार चुकतो.

त्या घरच्या वहीत आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. चार वेळा मुलगी अभ्यास करत होती. तीन वेळा आई हिशेब लिहीत होती. दोनदा धाकटा भाऊ व्हिडिओ पाहत होता. दोनदा तर समोर कोणीच नव्हते, कॉम्प्युटर नुसता चालू होता. एकदा फज्रनंतर लगेच थिजला, खोली थंड असताना. कॅप्स लॉकचा दिवा एकदाही हलला नाही.

अजून कारण सापडले नव्हते. पण एक गोष्ट वहीने कागदावर लिहून दिली : बिघाडाचा मुलीशी संबंध नव्हता. वडिलांनी ते पान दोनदा वाचले आणि तिला हाक मारून म्हणाले, "बेटा, तू बस तुझ्या अभ्यासाला. हे आम्ही बघतो."

वीज आणि ऊन

आपल्या जिल्ह्यात तपास या दोन गोष्टींपासून सुरू करणे शहाणपणाचे, कारण तो फुकटात होतो.

आपल्याकडे विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट. प्रत्यक्षात गावागावांत तो खाली-वर होतो. एसएमपीएस काही प्रमाणात हे सांभाळून घेतो. दाब फारच पडला तर कॉम्प्युटर सहसा बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. नुसते थिजणे त्यामानाने कमी. तरी कॉम्प्युटरचा प्लग कूलर, फ्रिज किंवा पाण्याच्या मोटरच्या एक्स्टेंशन बोर्डवर नको. मोटर सुरू होताना दाबाला झटका बसतो. चांगला यूपीएस असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात का? एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर तो पत्र्यावर राहतो आणि आपल्या हाताला कळतो. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमन बोलावून हे तपासून घ्या. कॉम्प्युटर राहू द्या, मुलांच्या जिवासाठी तरी घ्या.

पुसदच्या त्या घरी अर्थिंग खरोखर नव्हते. ते करून घेतले. मुंग्या थांबल्या, पण कॉम्प्युटर हँग होतच राहिला. एक दोष सापडला म्हणून आपल्या दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. अशा वेळी बरेच लोक तपास मध्येच सोडतात.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४५ अंशांवर जातो, टिनाच्या खोलीत आणखी वर. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर बसलेले असते. खोली ३० अंश असताना तो ७० दाखवत असेल, तर त्याच कामाला ४२ अंशांच्या खोलीत तो ८२ च्या आसपास दाखवेल. एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट प्रोग्राममध्ये हा आकडा दिसतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांजवळ पोहोचले की आपला वेग स्वतःच कमी करतात, त्याहून वाढले तर यंत्र बंद होते. म्हणजे उष्णतेचा बिघाड जड कामात, दुपारी आणि काही वेळ चालल्यावर दिसायला हवा. पहाटे, रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरला तो होत असेल तर ऊन निर्दोष आहे. वहीतल्या फज्रच्या नोंदीने हेच सिद्ध केले.

तरी काळजी घ्या. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असतो. त्याची रुई उडून कॅबिनेटच्या जाळीवर बसते आणि हवा कोंडते. जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा. आणि कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा गार असते, पण ओलीही असते.

एका वेळी एकच

वीज आणि ऊन सुटले की आतल्या भागांकडे वळायचे. त्याआधी मुलांच्या फाइल्स पेनड्राइव्हवर काढून ठेवा. हे पहिले काम, फॉरमॅटच्याही आधी.

मग नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग वाट पाहायची. घाईत आपण रॅम काढून बसवतो, ड्रायव्हर बदलतो, विंडोज नव्याने टाकतो, सगळे एकाच दुपारी. बिघाड गेला तर कशाने गेला ते कळत नाही. नाही गेला तर नवा कोणता आणला तेही कळत नाही.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत काम केलेले इब्न अल्-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी किताब अल्-मनाज़िर या ग्रंथात प्रकाशाचा एक प्रयोग लिहून ठेवला आहे. अंधाऱ्या खोलीच्या भोकाबाहेर त्यांनी अनेक दिवे ठेवले. आत भिंतीवर जितके दिवे तितके प्रकाशाचे ठिपके पडले. मग ते एकेक दिवा झाकत गेले. जो दिवा झाकला त्याचाच ठिपका नाहीसा झाला, उघडला की परत आला. कोणता ठिपका कोणत्या दिव्याचा, याचा वाद उरला नाही. कॉम्प्युटरचा तपासही असाच करायचा.

विंडोज स्वतः काय नोंदवते ते आधी पाहा. कंट्रोल पॅनलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्सखाली रिलायबिलिटी हिस्टरी असते. तिथे दिवसवार लाल खुणा दिसतात. इव्हेंट व्ह्युअरमध्ये "कर्नेल-पॉवर ४१" अशी नोंद हमखास सापडते आणि लोक एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. तुम्हीच बटण दाबून बंद केला तरी ती येते. हजेरीपटावर "गैरहजर" लिहिले म्हणून मूल का आले नाही हे कळत नाही, तसेच.

खोलवर थिजणाऱ्या नव्या कॉम्प्युटरमध्ये रॅम आधी तपासावी. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच रॅमला हात घाला. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते आणि ती चिप जाळू शकते. मग रॅम काढून दोन्ही बाजूंचा खटका वाजेपर्यंत पुन्हा बसवा. दोन पट्ट्या आणि चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या बसतात. मदरबोर्डचे पुस्तक पाहून खात्री करा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

त्यानंतर बायोसमधली एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सोय बंद करून पाहा. रॅमच्या खोक्यावर लिहिलेला वेग बहुधा हीच सोय चालू केल्यावर मिळतो. तो वेग झेपत नसेल तर यंत्र अडखळते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र लावल्या असतील तर हा संशय अधिक.

यानेही थांबले नाही तर मेमटेस्ट८६+ हा फुकट प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. तो विंडोजच्या बाहेर चालतो, म्हणून व्हायरस, गेम यांचा प्रश्नच येत नाही. रॅमच्या घरा-घरात तो आकडे लिहितो, परत वाचतो आणि जुळतात का पाहतो. इथे एकही चूक माफ नाही. एक लाल ओळ आली तरी काहीतरी बिघडलेले आहे.

पुसदला एक्सएमपी बंद करून चार दिवस पाहिले. हँग कमी झाला, पण थांबला नाही. मेमटेस्टमध्ये लाल ओळी आल्या. मग दिव्यांचा प्रयोग. पहिली पट्टी एकटी लावली, रात्रभर एकही चूक नाही. ती काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरी लावली, तासाभरात लाल ओळी. पहिली दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली, तिथेही साफ. चूक स्लॉटबरोबर राहिली नाही, पट्टीबरोबर फिरली. म्हणजे दोष पट्टीचा, मदरबोर्डचा नाही.

नवी वस्तू आणि बिघडलेली कशी, असे सगळ्यांनी विचारले. इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडतात त्या जास्त करून सुरुवातीच्या काळात किंवा फार जुन्या झाल्यावर. कारखान्यातून निसटलेला दोष पहिल्या काही आठवड्यांत बाहेर पडतो. म्हणून नवा कॉम्प्युटर जोडल्याबरोबर, फाइल्स भरण्याआधी, एक रात्र मेमटेस्ट चालवावी.

रॅम ठीक निघाली तर

मग एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम तिची तब्येत दाखवतो. केबलने जोडलेली असेल तर केबल बदलून पाहा, ती स्वस्त असते. त्यानंतर ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर, कंपनीच्या साइटवरून.

मग बायोस. कधी दोष खुद्द मोठ्या कंपनीकडून आलेला असतो. २०२२ च्या मार्चमध्ये एएमडीने कबूल केले, की रायझन प्रोसेसरच्या काही कॉम्प्युटरमध्ये सुरक्षेच्या एफटीपीएम या सोयीमुळे यंत्र अधूनमधून काही क्षण थबकते. इलाज नव्या बायोसचा होता. २०२४ मध्ये इंटेलने आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे मान्य केले, ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्तीही बायोसमधूनच येते. बायोस बदलताना लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून यूपीएस असल्याशिवाय हे काम करू नका.

इतके करूनही बिघाड राहिला तर एसएमपीएस आणि मदरबोर्ड उरतात. ते घरी तपासता येत नाहीत. दुसरा चांगला भाग लावून पाहावा लागतो आणि ते दुकानातच होते.

आणि "सुटला" कधी म्हणायचे? दोन दिवसांनी एकदा थिजत असेल तर किमान सहा दिवस शांत जाऊ द्या. नेहमीच्या अंतराच्या तिप्पट, असा आम्ही हिशेब धरतो.

दुकानात जाताना

वही, लाल ओळींचा फोटो आणि बिल सोबत न्या. "हँग होतो" एवढेच सांगितले तर उत्तर फॉरमॅट हेच मिळते. "ही पट्टी कोणत्याही स्लॉटमध्ये चूक दाखवते, ती पट्टी दाखवत नाही" असे सांगितले तर बोलणे सरळ होते. पुसदच्या दुकानदाराने फोटो पाहिले, समोर एकदा चाचणी घेतली आणि वॉरंटीत पट्टी बदलून दिली.

यासाठी पक्के बिल हवे. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची वॉरंटी मागताना जड जाते. खोकी आणि सीरियल नंबरचे स्टिकर जपून ठेवा. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

पण अमानत दोन्ही बाजूंची असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले. गिऱ्हाइकाला दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण दुकानदाराला ऐकवतो. गिऱ्हाइकालाही ती तितकीच लागू आहे. आपल्या हातून पडलेली, पिन वाकलेली वस्तू "आलीच अशी" म्हणून परत करणे हेही ओले धान्य खाली दडवणेच आहे. जे झाले ते वहीत लिहिलेले असेल तर दोघांनाही खोटे बोलायची गरज पडत नाही.

वहीला वीस रुपये लागतात. नव्या कॉम्प्युटरसोबत ती पहिल्या दिवसापासून ठेवा. मुलांनाच लिहू द्या. बिघाड शोधायला ती कामी येईलच. शिवाय अब्बू-अम्मी ठपका ठेवण्याआधी विचारतात, पाहतात, पडताळतात, हे मुलांना घरातच दिसेल.